पेढी कण्यात, शाखा तळव्यात

मनुष्याच्या पाठीच्या कण्यात, कमरेच्या किंचित वर, मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी काही चेतापेशी असतात. तळपायातील लहान लहान स्नायूंना हालचालीची आज्ञा देणे हे त्यांचे काम. अशा एका पेशीचे मुख्य शरीर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून मोठे नसते. परंतु तिच्यातून निघणारा तंतू, ज्याला अक्षतंतू म्हणतात, तो मांडीतून व पोटरीतून उतरत थेट तळव्यापर्यंत जातो. उंच माणसात त्याची लांबी मीटरभर भरते. हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचे असेल, तर पेशीचे शरीर म्हणजे दहा फूट लांबीची एक पेढी मानावी. मग त्या पेढीची शाखा तीस किलोमीटर दूर येते, आणि दोहोंना जोडणारी वाट जेमतेम दीड फूट रुंद उरते.

व्यापारी घरातील वाचकाच्या मनात पहिला प्रश्न साहजिकच हा येईल, की शाखेत खपणारा माल तयार कोठे होतो? जवळजवळ सर्व माल पेढीतच तयार होतो. प्रथिने कशी घडवावीत याची मूळ नोंद पेशीच्या केंद्रकात असते आणि ती घडवण्याची बहुतेक यंत्रणाही त्याच्याच शेजारी असते. स्नायूला संदेश देण्यासाठी लागणारी सामग्री, तंतूच्या आवरणाच्या दुरुस्तीचा माल, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, हे सारे मुख्यतः तेथूनच निघते. अक्षतंतूतही थोडी स्थानिक निर्मिती होते, पण शाखेने आपल्या गरजेपुरता चहा करून घ्यावा तितकीच. पेढीशी संबंध तुटला तर शाखा फार दिवस तग धरत नाही. तुटलेल्या जागेच्या पलीकडचा तंतू काही दिवसांतच विस्कटू लागतो.

आता हा माल तीस किलोमीटर नेणार कोण? आपोआप पसरत जाईल म्हणावे, तर हिशेब जमत नाही. स्थिर पाण्यात टाकलेला शाईचा थेंब जसा पसरतो, तसे रेणूही पेशीद्रवात इकडेतिकडे धक्के खात पसरतात. मात्र या पसरण्याचा एक विलक्षण नियम आहे. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट लागतो. साधारण आकाराच्या प्रथिनाला एका लहान पेशीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचायला काही सेकंद पुरतात. पण हाच नियम मीटरभर अंतराला लावला, तर उत्तर दीड हजार वर्षांच्या पुढे जाते. चक्रवाढ व्याजाने ज्यांची झोप उडालेली आहे, त्यांना वर्गाच्या हिशेबाची ही करामत वेगळी समजावून सांगायला नको.

शास्त्रज्ञांची पहिली समजूत अशी होती, की अक्षतंतूतील सगळा द्रवच नदीसारखा खाली वाहत असावा. १९४८ साली शिकागोतील पॉल वाइस आणि त्यांच्या सहकारी हेलन हिस्को यांनी चेतातंतूंना एका जागी आवळून ठेवले, तेव्हा पेढीच्या बाजूचा भाग फुगलेला दिसला आणि पलीकडचा बारीक राहिला. नाक्यावर अडवलेल्या गाड्यांसारखा माल साचला होता. माल कण्याकडून बाहेर जातो हे त्यामुळे पक्के झाले, वेगही दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर असा निघाला. पुढे किरणोत्सारी खुणा केलेल्या प्रथिनांचा माग काढल्यावर चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. काही माल दिवसाला मिलिमीटरभर सरकत होता, तर काही दिवसाला चारशे मिलिमीटरपर्यंत धावत होता. शिवाय काही माल उलट दिशेने, तळव्याकडून कण्याकडेही येत होता. एकच नदी एकाच वेळी दोन वेगांनी आणि दोन दिशांनी वाहू शकत नाही. येथे वाट असली पाहिजे आणि वाटेवर वाहक असले पाहिजेत.

ते प्रत्यक्ष पाहण्याची अडचण म्हणजे आकार. हे कण सामान्य सूक्ष्मदर्शकाला स्पष्ट दिसत नाहीत. १९८०च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅलन आणि शिन्या इनोउए यांनी सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडून अंधुक प्रतिमेतील उठाव वाढवण्याची युक्ती काढली, आणि जिवंत अक्षतंतूच्या आत चाललेली वर्दळ प्रथमच पडद्यावर दिसली. पाहणाऱ्यांना गर्दीच्या वेळचा महामार्ग पाहिल्यासारखे वाटले, यात नवल नाही.

हे सारे घडले ते स्क्विडच्या, म्हणजे कोकण किनाऱ्यावर ज्याला माकूळ म्हणतात त्या समुद्रजीवाच्या तंतूत. त्याचा एक अक्षतंतू मिलिमीटरभर जाड असू शकतो. एरवी केसाहूनही कितीतरी बारीक असणारी ही वस्तू येथे उघड्या डोळ्यांना दिसते, आणि नळीतून मलम काढावे तसा तिच्यातील गर बाहेर काढता येतो. प्रयोगासाठी जीव खर्ची पडणे हे अनेक वाचकांना रुचणार नाही. पण या ज्ञानाचा उगम तेथेच आहे, हे झाकण्यात अर्थ नाही.

१९८३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील रोनाल्ड वेल हा विद्यार्थी आणि मायकेल शीट्झ हे संशोधक याच प्रश्नामागे लागले होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्यांना माकूळ मिळेना, कारण त्या वर्षी एल निनोमुळे समुद्र तापला होता. पावसाच्या निमित्ताने येथील प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक असलेला हा एल निनो जीवशास्त्राच्या इतिहासातही असा डोकावतो. ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत गेले. स्नायूंमध्ये मायोसिन नावाचे प्रथिन अ‍ॅक्टिनच्या धाग्यांवर ओढ घेते. चेतातंतूतही तेच असावे, अशी त्यांची अटकळ होती. ती चुकली.

पेशीच्या आत धाग्यांचा जो सांगाडा असतो, त्याला पेशीकंकाल म्हणतात. त्यात तीन प्रकारचे धागे असतात. अ‍ॅक्टिनचे धागे सर्वांत बारीक, मधल्या जाडीचे धागे मुख्यतः मजबुतीसाठी, आणि सर्वांत जाड त्या सूक्ष्मनलिका. ‘जाड’ म्हणजे तरी २५ नॅनोमीटर, केसाच्या जाडीचा साधारण तीन हजारावा भाग. वुड्स होलच्या पडद्यावर माल ज्या वाटेने धावत होता, ती वाट या सूक्ष्मनलिकेची निघाली. त्याहून मोठे आश्चर्य पुढे होते. गराचा निथळ भाग काचेवर घेऊन त्यात नुसत्या सूक्ष्मनलिका सोडल्या, तेव्हा माल नसतानाही त्या नलिकाच काचेवरून सरपटू लागल्या. रस्ताच चालू लागला! उलगडा असा, की वाहक प्रथिने काचेला चिकटून उताणी पडली होती आणि पाय मारून रस्त्यालाच पुढे ढकलत होती. हाच धागा धरून ते प्रथिन वेगळे काढण्यात आले आणि १९८५ साली त्याला ‘काइनेसिन’ हे नाव मिळाले. गती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. २०१२ साली वेल, शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांना लास्कर पारितोषिक मिळाले, ते या वाहकांवरील कामासाठीच.

काइनेसिनचे रूप हमालाचेच आहे, आणि येथे तुलना ओढूनताणून करावी लागत नाही. एका टोकाला दोन पाय, मधे लांब देठ, दुसऱ्या टोकाला माल धरण्याची सोय. ते एक पाय टाकते, मग दुसरा त्याच्या पुढे टाकते, आणि निदान एक पाय रस्त्यावर घट्ट राहील अशी काळजी घेते. एक पाऊल बरोबर आठ नॅनोमीटरचे, कारण रस्त्याच्या विटा तेवढ्याच अंतरावर बसवलेल्या असतात. प्रत्येक पावलाला एटीपी नावाच्या ऊर्जारेणूचे एक नाणे मोजावे लागते. येथे उधारी मुळीच नाही. मीटरभर प्रवासाची साडेबारा कोटी पावले होतात, म्हणजे मजुरीही साडेबारा कोटी नाणी. अर्थात एकच हमाल सबंध वाट चालत नाही. शंभरेक पावलांनंतर त्याचा पाय सुटतो आणि दुसरे कोणी ओझे सांभाळते. हाती माल नसेल तेव्हा काइनेसिन स्वतःची घडी घालून घेते आणि नाणी वाया घालवत नाही. इतका काटकसरी नोकर कोणत्याही पेढीला हवासा वाटेल.

या हमालाला पत्ता वाचता येत नाही, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याला फक्त दिशा कळते. सूक्ष्मनलिकेच्या विटा एकाच बाजूला तोंड करून रचलेल्या असल्यामुळे तिची दोन टोके सारखी नसतात. एकाला धन टोक म्हणतात, दुसऱ्याला ऋण. अक्षतंतूत सर्व नलिकांची धन टोके तळव्याकडे असतात. बहुतेक काइनेसिने धन टोकाकडे चालतात, म्हणजे पेढीकडून शाखेकडे. कोणता माल कोणत्या काइनेसिनच्या पाठीवर बांधायचा, हे मधली दलाल प्रथिने ठरवतात, आणि कोठे उतरवायचा हे वाटेवरच्या खुणा ठरवतात. तंतुकणिकांचे उदाहरण बोलके आहे. जेथे चेतातंतूचे काम जोरात चाललेले असते, तेथे कॅल्शियमचे प्रमाण वाढते. तंतुकणिकेला वाहकाशी जोडणारे प्रथिन ते कॅल्शियम ओळखते, चाल थांबते, आणि ऊर्जेचा कारखाना नेमका गरजेच्या जागी उतरतो. वरून हुकूम देणारा कोणी नसतो.

मंद मालाचे कोडे बरेच नंतर सुटले. दिवसाला मिलिमीटरभर सरकणारा मालही याच वेगवान वाहकांवर जातो. फक्त तो बहुतेक वेळ थांबलेला असतो. मालगाडी धावते तेव्हा वेगानेच धावते, पण दिवसाचे बहुतेक तास ती बाजूच्या रुळावर उभी असते, तसेच हे आहे.

परतीच्या मालाचा वाहक वेगळा, त्याचे नाव डायनीन. शरीरातील केसांसारख्या हलत्या तंतूंमध्ये त्याच्या कुळातील प्रथिन १९६० च्या दशकातच सापडले होते. पेशीच्या आत माल ओढणारे डायनीन १९८७ साली ओळखले गेले. ते ऋण टोकाकडे, म्हणजे शाखेकडून पेढीकडे चालते. झिजलेले भाग मोडीत काढण्यासाठी परत आणणे आणि ‘येथे सर्व ठीक आहे’ हा स्नायूकडचा निरोप केंद्रकापर्यंत पोहोचवणे ही त्याची कामे. माणसात काइनेसिनचे पंचेचाळीस प्रकार आहेत, त्यांतील बरेच मालवाहतुकीत गुंतलेले. परतीच्या वाटेवर मात्र बहुतेक भार एकाच डायनीनवर. जावक खात्यात पंचेचाळीस माणसे आणि आवक खात्यात एकच, असा प्रकार आहे.

तो एक कसा पुरा पडतो, याचे उत्तर शोधण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेले रूप मल्लिक यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आणि पुढे पवईच्या आयआयटीत, प्रकाशाच्या चिमट्याने या वाहकांचे बळ मोजले. एकास एक अशी झुंज लावली तर काइनेसिन बलवान आणि डायनीन दुबळे ठरते. पण ओझे वाढले की डायनीन गिअर बदलल्यासारखे आखूड पावले टाकू लागते. पुढचे वाहक आखूड पावले टाकत असताना मागचे त्यांना गाठतात, सगळे एकत्र येतात आणि भार वाटून घेतात. काइनेसिनला असा मेळ जमत नाही. म्हणून रोगजंतू गिळलेल्या पेशीत तो जंतू नष्ट करण्याच्या जागी ओढून न्यायचा असतो, तेव्हा दुबळ्या डायनीनांची टोळीच ते अवजड काम पार पाडते. मल्लिक यांना २०१४ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

याच गटाने पुण्याच्या आयसर संस्थेतील सहकाऱ्यांसह यकृताकडे लक्ष वळवले, आणि हा भाग उपवासाची सवय असलेल्या घरांनी मुद्दाम वाचावा असा आहे. यकृताच्या पेशींत चरबी थेंबांच्या रूपात साठवलेली असते. जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढले, की काइनेसिन या मेदबिंदूंना पेशीतील त्या विभागाकडे नेते, जेथे त्यांतील चरबी बांधून रक्तात पाठवली जाते. उपवासात शरीराच्या इतर भागांतील चरबी वितळून मोठ्या प्रमाणात यकृताकडे येते. ती सगळी तशीच पुढे गेली असती तर रक्तात चरबीचा पूर आला असता. परंतु इन्सुलिन उतरलेले असल्यामुळे काइनेसिन मेदबिंदूंवरून गळून पडते. हमालच उठून गेल्यावर माल गोदामात राहतो आणि रक्तातील चरबीचे प्रमाण आवाक्यात राहते. हे उंदरांच्या व घुशींच्या वर्गातील प्राण्यांवर आढळलेले आहे. त्यावरून कोणी उपवासाचा डोस ठरवू नये.

वाहतूक एवढी नेमकी असली, तरी डायनीनच्या पाठीवर कोण बसले आहे याची तपासणी फारशी कडक नाही. याचा सर्वांत भीषण फायदा रेबीजचा विषाणू घेतो. कुत्रा पायाला चावतो तेव्हा विषाणू जखमेजवळच्या स्नायूतून चेतातंतूच्या टोकात शिरतो आणि परतीच्या मालाबरोबर कण्याकडे व तेथून मेंदूकडे निघतो. स्नायूत आणि वाटेत जाणारा हा काळ बहुधा दोन-तीन महिन्यांचा असतो, कधी फार कमी, कधी वर्षभराचाही. चेहऱ्याला किंवा मानेला चावा असेल तर वाट आखूड, म्हणून धोका लवकर. या मुदतीतच सारे काही करता येते. जखम ताबडतोब साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, त्याच दिवशी लस सुरू करणे, चावा खोल असल्यास डॉक्टरांकडून जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शन घेणे, आणि लसीच्या सर्व तारखा पाळणे. जखमेवर चुना किंवा तिखट भरण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत दिसते. तिने जखम चिघळते आणि मोलाचा वेळ जातो. चावा बरा दिसतो म्हणून तिसरी लस चुकवणे हे त्याहून वाईट. विषाणू एकदा मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

वाहक शाबूत असूनही रस्ताच उखडला तर काय होते, हे अंगणातल्या सदाफुलीने दाखवून दिले आहे. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या झाडात मधुमेहावरचे औषध शोधत होते. साखर उतरली नाही, पण पांढऱ्या रक्तपेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध मिळाले, आणि याच झाडातून पुढे विनक्रिस्टिनही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात विनक्रिस्टिन आजही वापरले जाते. ही द्रव्ये सूक्ष्मनलिकेच्या विटांना धरून ठेवतात, त्यामुळे नलिका बांधली जात नाही. पेशीला दुभंगताना याच नलिकांची गरज असते. वेगाने वाढणारी कर्करोगाची पेशी तेथे अडकून मरते. चेतापेशी दुभंगत नाही, पण तिचा माल याच नलिकांवरून जातो. म्हणून या औषधांनी बोटांना मुंग्या येतात, बधिरता येते, कधी पाऊल नीट उचलले जात नाही. प्रथम पायाची बोटे, मग हाताची. ज्या शाखा सर्वांत दूर, त्या आधी. मधुमेहातील बधिरताही तळव्यापासूनच चढत जाते. तेथे साखर, बारीक रक्तवाहिन्या अशी अनेक कारणे एकत्र येतात, तरी सर्वांत लांब तंतूला प्रथम फटका बसतो हा क्रम तोच आहे. मधुमेहावर उपाय म्हणून सदाफुलीची पाने सकाळी चावून खाणाऱ्यांनी मात्र हे विषारी झाड आहे आणि त्यातील द्रव्य नेमके कोठे घाव घालते, हे लक्षात घेऊन ती सवय सोडावी.

कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या माणसाने मुंग्या आणि बधिरतेची तक्रार औषध बंद होईल या भीतीने दडवून ठेवू नये. वेळीच कळले तर डॉक्टर मात्रा किंवा अंतर बदलू शकतात, आणि त्रास पुष्कळदा हळूहळू ओसरतो. ‘हळूहळू’ या शब्दाचाही हिशेब आहे. इजा झालेला अक्षतंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, जवळजवळ त्या मंद मालाच्याच चालीने. गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंत अर्धा मीटर धरला, तर पाचशे दिवस.